दुसरा चेहरा

प्रश्नावलीला चाळीस मिनिटं लागतात.
बोट वीस मिनिटांत पलीकडे पोचते.
म्हणून सायलस टिझर्ड म्हणाला, जाऊ आणि येऊ.
आज सुट्टी आहे, पण बसायला मला बोटच बरी.
तुमच्या त्या इमारतीच्या दारातच
जिभेखाली अजून सलाइनची चव उतरते.

पोर्च्युगल कोव्हचा धक्का धुक्यात मागे सरकला.
मी फाइल उघडली.
वय सत्तावीस. आजार सातव्या वर्षी, रक्ताचा.
उपचार संपून सतरा वर्षं.

गेल्या चार आठवड्यांत पुढच्या आयुष्याची काळजी
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, सतत?
क्वचित, तो म्हणाला.
झोप मोडणं? क्वचित.
एकटं वाटणं? क्वचित.
जवळच्या माणसाला आजाराबद्दल सांगणं अवघड जातं?
क्वचित. आणि काचेबाहेर बघत,
जवळचं माणूस आधी असावं लागेल ना.
हे लिहू नका.

अकरा वर्षं मी हे काम करते आहे.
एकाच उत्तराखाली खुणा सरळ उतरत गेल्या
की आमच्यात म्हणतात, रेघ ओढली.
असे कागद बाजूला काढतात.
मी पेन खाली ठेवलं.
त्यानं ते पाहिलं. लोकांच्या गाड्या
वीतभर अंतरानं डेकवर लावून घेणारा माणूस,
ठेवलेलं पेन त्याला दिसणारच.

म्हणाला, तुमच्याकडे तो तक्ता असायचा, चेहऱ्यांचा.
सहा गोल. पहिला हसरा, शेवटचा रडका.
नर्स विचारायची, आज कितवा?
पाचवा म्हटलं की आई कॉरिडॉरमध्ये जायची,
परत यायची तेव्हा तोंड धुतलेलं असायचं.
पहिला म्हटलं तर कुणाला पटायचं नाही.
दुसरा चालायचा.
दुसरा म्हटलं की आई विणकाम हातात घ्यायची.
पाठीच्या मणक्यात सुई होती तेव्हाही
मी दुसराच म्हणालो. तीन वर्षं.
जुने कागद काढून बघा,
फार गुणी पोर असेन मी.

मी बघितलेत.
माझ्या आधीच्या कुणीतरी, बारीक अक्षरात,
समासात लिहून ठेवलंय:
वेदनेशी उत्तम जुळवून घेतो.

बेल आयलंड आलं.
सहा गाड्या उतरल्या, एक ट्रक चढला.
कुणीतरी त्याला हाक मारली, त्यानं दोन बोटं वर केली.

परतताना मी घरच्यांचा भाग काढला.
आईवडिलांवर एकवीस प्रश्न आहेत.
बहिणीला रकाना नाही.
बहीण आहे. ग्वेन. तेव्हा अकरा वर्षांची.
संध्याकाळी शेजारी हिस्कॉकांकडे जेवायची
आणि त्यांच्या कोठीच्या दारामागे
पेन्सिलनं रेघ मारायची, एका जेवणाची एक.
हे त्याला कळलं मागच्या वर्षी,
हिस्कॉकबाई गेल्यावर घर रंगवायला काढलं तेव्हा.
चारशे बारा रेघा.
रंगारी विचारत होता, घासून टाकू?

मग?

तो कॉफीच्या कपाचं झाकण
लावत राहिला, काढत राहिला.
दार माझ्या शेडमध्ये आहे, म्हणाला.
ग्वेनला माहीत नाही.
फोनवर आम्ही हवामानाबद्दल बोलतो.

हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर?
मी पानं उलटली. शिक्षण, रोजगार, थकवा, विमा.
थकव्याच्या पानावर एक कोपरा रिकामा होता,
तिथे लिहिलं: दार.
संगणकात ते चढणार नाही, मला माहीत आहे.

धक्का आला. साखळ्या खडखडल्या.
एकच प्रश्न उरला होता, नेहमीचा,
त्याच्याखाली चार ओळींची जागा:
आणखी काही सांगायचंय?

नाही, तो म्हणाला.
आणि मग गाड्यांची इंजिनं सुरू झाल्यावर,
त्या आवाजाच्या आडून:
ते झोपेचं परत विचारा.

मी बोर्डाकडे पाहिलं.
पुढची फेरी पंचवीस मिनिटांनी होती.
आम्ही उतरलो नाही.